गरजेपुरती सुट्टी

६ मार्च

मामा,

नमस्कार नंतर करते, आधी बातमी ऐक. आमचा म्हातारा लाँड्री विकायला निघालाय.

तू म्हणशील, एवढी बातमी होती तर फोन का नाही केलास? फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस. त्यापेक्षा पत्र बरं.

म्हातारा म्हणजे आमचा मालक. काल भर कामात त्यानं यंत्रं बंद करायला लावली आणि सगळ्यांना इस्त्रीच्या टेबलांभोवती गोळा केलं. म्हणाला, "माझे गुडघे गेले. मुलांना असल्या वाफेत यायचं नाही. एका बड्या कंपनीनं लाँड्रीला मागणी घातलीय." मागणी घातलीय म्हणताना असा लाजला, जसं काही लग्न त्याचंच ठरतंय! मग म्हणाला, "पण तुम्ही मिळून चालवणार असाल तर ऑक्टोबरपर्यंत थांबतो. चालवून बघा. मग सगळ्यांनी हात वर करून सांगा, ठेवायची की विकायची. ठेवलीत तर माझे पैसे धंद्यातून सावकाश द्या."

कंपनी आली तर चादरींची इस्त्री यंत्रावर जाणार आणि मोठीबाई घरी. मोठीबाई तुला माहीत आहे. मी इथं आले तेव्हा मला धड रुमालाची घडी येत नव्हती, तिनं हाताला धरून शिकवलं. तिला वाटेला लावलेलं मला बघवणार नाही, मामा. म्हणून मी तरी ठेवायच्या बाजूची.

आमच्यात लगेच जुंपली. हिशेबनीस म्हणाला, हा शुद्ध कम्युनिझम आहे, चार महिन्यांत भिकेला लागू. बॉयलरवाला म्हणाला, गप रे, याला समाजवाद म्हणतात. दोघांनाही फरक सांगता येईना, पण आवाज दोघांचेही चढलेले. मी म्हटलं, थांबा, माझ्या मामानं जन्मभर कॉलेजात हेच शिकवलंय, त्यालाच विचारते. तेव्हा सांग. आणि हे बघ, दोन पानांत सांग. व्याख्यान नको.

तुझी,
ठिणगी


१५ मार्च

ठिणगे,

ज्या विषयावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या बाकावर डोकं टेकून झोपल्या, तो विषय तू आपणहून विचारतेस! तुझं पत्र शेजारच्या शिक्षिकेनं वाचून दाखवलं, तिचा आवाज फार छान आहे. ती म्हणाली, भाची तुमच्यावरच गेली आहे. मी म्हटलं, नाही हो, ती कामाची आहे.

तुमचीच लाँड्री घेऊ. आज यंत्रं म्हाताऱ्याची, घाम तुमचा, पगार ठरलेला आणि उरेल ते त्याचं. ही भांडवलशाही. पुस्तकात ती अशी चालते की म्हाताऱ्याला नफ्याची हाव, म्हणून तो चांगलं धुणार. समोरच्यालाही हाव, म्हणून तो स्वस्तात धुणार. गिऱ्हाइकाची चंगळ. आणि खरं सांगू, बरेच दिवस तसं होतंही. तुमचं ते वाफेचं यंत्र कुणा संतानं शोधलेलं नाही. पण पुढं एक जण फुगतो, बाकीच्यांना गिळतो, आणि मग भाव तोच ठरवतो. तुमची बडी कंपनी त्यातलीच.

समाजवादात यंत्रं सगळ्यांची. म्हणजे सरकारची, गावाची किंवा तुम्हा कामगारांची. जो जेवढं काम करील तेवढा त्याचा मोबदला, आणि दवाखाना-शाळा सगळ्यांना. पुस्तकात हेही सुंदर आहे. तरुणपणी मी अशाच एका राज्यात नोकरीला गेलो होतो, तुझ्या आईनं सांगितलं असेल. मी योजना कचेरीत होतो. प्रांताला वर्षाला किती बटणं लागतील हे आम्ही टेबलाशी बसून ठरवायचो. मोठ्या माणसांचे शर्ट मोजले, कोट मोजले, आणि पोरं बटणं तोडतात हे एकालाही आठवलं नाही! वर्षभर अख्खा प्रांत टाचण्या लावून हिंडत होता. साहेब म्हणाले, योजना बरोबर आहे, पोरं चुकीची आहेत. पण त्याच गावात माझं अपेंडिक्स फुकट काढलं, आणि बेकार माणूस मी तिथं बघितला नाही. हेही लिहून ठेव.

साम्यवाद ही त्याच्या पुढची पायरी. मालक नाही, हळूहळू सरकारही नाही, पगाराचीही गरज नाही. ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्यानं करावं आणि जेवढं लागेल तेवढं घ्यावं. प्रत्यक्षात हे नाव लावणारी सरकारं पुष्कळ झाली. ती सगळी सांगायची की अजून पोचलो नाही, वाटेवर आहोत. त्या वाटेवर पोलीसच फार होते. सरकार विरघळायचं सोडून जाडच होत गेलं. एखाद्या लहानशा वस्तीनं मनापासून केलेला प्रयोग मात्र काही काळ चाललेला मी पाहिलाय.

माझं मत विचारशील तर विकू दे. भारावलेली माणसं पुढं कशी कडवट होतात ते बघायचं असेल तर तुझ्या मामाकडे बघ.

मामा


२ मे

मामा,

तुझं मत विचारलं नव्हतं! आम्ही सुरू केलंसुद्धा.

आता ऐक. बाहेर सगळं पूर्वीसारखंच. हॉटेलांचे टॉवेल, हॉस्पिटलच्या चादरी, समोरच्यापेक्षा स्वस्त आणि वेळेवर. पगार कामाप्रमाणे, आणि कुणाला किती ते आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं. दोन दिवस नुसती भांडणं, पण ठरलं. आणि तिसरी गोष्ट माझ्या डोक्यातली. तुझं ते वाक्य, लागेल तेवढं घ्यावं, मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, पैशाला नाही लावता येणार, पण सुट्टीला का नाही?

पूर्वी सुट्टी म्हणजे काय तमाशा असायचा माहीत आहे? म्हाताऱ्यापुढं उभं राहून तोंड पाडायचं आणि थाप मारायची. बॉयलरवाल्याची एकच आजी इतक्या वेळा वारली की शेवटी म्हाताराच म्हणाला, या वेळी मी पण येतो पोचवायला. तर आता अर्ज नाही, कारण नाही, विचारणं नाही. ज्याला गरज आहे त्यानं घरी राहावं, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं. हिशेबनीस म्हणाला, "बघा हं, जूनपर्यंत इथं फक्त यंत्रं उरतील."

आणि मामा, महिना झाला, एकही माणूस घरी राहिला नाही! एकही! हिशेबनिसाचं तोंड बघण्यासारखं झालंय. मोठीबाई तर माझ्याआधी येऊन इस्त्री तापवून बसलेली असते. तुझी ती जाडी सरकारं नापास झाली असतील, आम्ही पास झालो.

बाकी ही शिक्षिका कोण रे? आवाज छान आहे म्हणे. पत्रं वाचून घेतोस, अजून काय काय चाललंय? आणि तुझ्या अक्षराला काय झालंय? ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. प्रेमात पडल्यावर असं होतं म्हणतात.

ठिणगी


२० मे

ठिणगे,

चहाटळपणा पुरे. शिक्षिकेला नवरा आहे, दोन मुली आहेत आणि एक भयंकर कुत्रा आहे. तू शाई पातळ वापरतेस, आणि हल्ली कागद चकचकीत निघतात, त्यावर उजेड पडला की काही लागत नाही. म्हणून वाचून घेतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे.

तुमची व्यवस्था वाचून मजा वाटली. बाजारात भांडवलवाले, पगाराच्या दिवशी समाजवादी आणि सुट्टीपुरते साम्यवादी! एकाच छपराखाली तिन्ही. माझ्या काळात असं कुणी सुचवलं असतं तर तिन्ही बाजूंनी मार खाल्ला असता.

पण हुरळून जाऊ नकोस. पहिला महिना हौसेचा असतो. दोन-तीन महिन्यांत एखादा आळशी माणूस उगवेल. आज पाठ दुखते, उद्या डोकं. मग दुसरा म्हणेल, मीच का मरू? बघता बघता सगळं ढेपाळतं. मी ज्यांची ज्यांची पुस्तकं वाचली त्या सगळ्यांना हीच एक भीती होती. त्या माणसावर डोळा ठेव.

मामा


११ सप्टेंबर

मामा,

तुझी दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होते? चांगलं काही नव्हतं आणि वाईट सांगायला जीभ रेटत नव्हती.

तुझ्या त्या आळशी माणसाची मी वाट बघत बसले. तो आलाच नाही. झालं ते भलतंच.

गेल्या महिन्यात मोठीबाई भर दुपारी टेबलापाशी कोसळली. तिला उचलताना बाही वर सरकली. मनगट हे एवढं सुजलेलं, हिरवं-निळं पडलेलं. असल्या वाफेत ही बाई लांब बाह्यांचं घालून का येते, हे आमच्यातल्या एकीलाही सुचलं नाही! डॉक्टर म्हणाले, मे महिन्यात पंधरा दिवस हाताला विश्रांती दिली असती तरी बरं झालं असतं. आता बरेच महिने जातील. मी तिला विचारलं, "अगं, घरी का नाही राहिलीस? कुणी नको म्हटलं होतं का?" तर म्हणाली, "म्हातारा असता तर खुशाल थाप मारून राहिले असते. तुमच्याकडे कुठल्या तोंडानं राहू? माझं काम तुझ्याच अंगावर पडणार ना!"

मग एकेकाचं बाहेर यायला लागलं. बॉयलरवाला मुलाच्या पदवीच्या समारंभाला गेला नाही. सुट्टी घेणारा पहिला आपण नको, म्हणून. घड्या घालणाऱ्या दोघी जावा ताप घेऊन येत राहिल्या आणि तो ताप आम्हा सगळ्यांना देऊन बसल्या. दोन दिवस बॉयलर थंड. हॉस्पिटलच्या चादरी रखडल्या, एक हॉटेल सोडून गेलं. प्रत्येक जण हेच म्हणतो, मला वाटलं, माझ्यापेक्षा दुसऱ्याला जास्त गरज असेल.

हिशेबनीस म्हणतो, पटलं ना, माणसाला वर कुणीतरी लागतंच. मी त्याच्यावर खेकसले, "कामचुकारपणा झाला असता तर तुझं खरं होतं. आम्ही तर मरमर मेलो!" तर तो शांतपणे म्हणाला, "मरणं हीसुद्धा काही धंदा चालवायची रीत नाही."

७ ऑक्टोबरला हात वर करायचे आहेत. कंपनीची माणसं येऊन गोड बोलून गेली. सुट्ट्या ठरलेल्या देऊ म्हणाली, आणि खरंच देतील. मोठीबाई सोडून. निम्मे जण तिकडे झुकलेत. कल्पना माझी होती, आणि त्यापायी तिचा हात गेला. तूच बरोबर होतास का?

ठिणगी


१९ सप्टेंबर

ठिणगे,

हे अक्षर शिक्षिकेचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय, आणि मधेमधे माझ्याकडे रागानं बघतेय. बघतेय असं वाटतं, कारण मला तिचं तोंड दिसत नाही. ते पुढं सांगतो.

मी बरोबर नव्हतो. मी साफ चुकलो, आणि माझ्याबरोबर सगळी कपाटभर पुस्तकं चुकली. लागेल तेवढं घ्या म्हटलं की आळशी माणूस काय करील, यावर आम्ही आयुष्यभर वाद घातले. लाजऱ्या माणसाचं काय होईल, हे एकानंही विचारलं नाही. तुझ्या मोठीबाईचं कुठल्याच पोथीत पान नाही. मालकापाशी मागायला धीर लागत नाही, कारण तो परका. आपल्या माणसांपाशी मागताना जीव जातो. शिक्षिकेनं तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या वेळी मी तिला थांबवलं.

कारण मी तेच करतोय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि तो फार पिकलाय. उजव्यानं काही दिसत नाही, डाव्यानं धुकं दिसतं. शाई-बिई सगळं झूट. डॉक्टर वर्षभर मागं लागलेत, पण आठवडाभर सोबत माणूस हवं म्हणतात. मी म्हटलं, भाचीला कशाला त्रास, तिची लाँड्री आहे. शिक्षिकेला तर दोन पोरी आणि तो कुत्रा आहे. जन्मभर गरजेवर व्याख्यानं झोडली, आणि स्वतःची गरज सांगायची वेळ आली तर प्रकृती ठणठणीत!

शेवटी काल शिक्षिकेनं स्वतः जाऊन तारीख घेतली. ती पुढं ढकलता येत नाही, डॉक्टर नंतर गावाला जाणार आहेत. तारीख ऐक आणि मग काय ते बोल. ७ ऑक्टोबर.

तुला जमलं नाही तरी चालेल.

हे वरचं वाक्य तिला खोडायला सांगितलं, ती म्हणाली राहू दे, तुमचा स्वभाव कळू दे तिला. तर मग खाली लिहितो. चालणार नाही, ठिणगे. मला भीती वाटतेय. तू ये.

मामा


२४ सप्टेंबर

मामा,

गाढवा. (मामाला गाढव म्हटलं म्हणून आई असती तर तिनं फटकावलं असतं. आज तीही म्हणाली असती.)

येतेय. ५ तारखेला संध्याकाळी तुझ्या दारात असेन. शिक्षिकेला सांग, मी तिच्या पायाच पडणार आहे, आणि त्या कुत्र्याच्याही.

तुझं पत्र वाचून आधी मी दिवस मोजले. इथं एक-एक हात मोलाचा, आणि मी आठवडाभर नाही! मग म्हटलं, मी गप्प बसले तर मोठीबाईत आणि माझ्यात फरक काय? जेवणाच्या सुट्टीत उभी राहिले. तोंड कोरडं पडलं होतं, खरं सांगते. म्हाताऱ्यापुढं थापा मारताना कधी असं झालं नव्हतं. म्हटलं, "माझ्या मामाचे डोळे. मला आठवडा हवाय. मधे सात तारीख येते."

हिशेबनीस म्हणाला, "तुझ्या एका हातावर ठेवणं-विकणं ठरू शकतं, कळतंय ना?" म्हटलं, "कळतंय. तरी हवाय." मोठीबाई त्या दिवशी आम्हाला भेटायला आली होती, पट्टीतला हात छातीशी धरून बसली होती. ती म्हणाली, "मग जा की. विचारतेस कशाला? नियम तूच केलास ना?" बॉयलरवाला हसायला लागला, मग सगळेच.

त्याच बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. एक, दर महिन्याला ठरावीक सुट्टी प्रत्येकानं घ्यायचीच, न घेणाऱ्याला आत सोडायचं नाही. दुसरी जावांनी सुचवली. रोज सकाळी कामाआधी प्रत्येकानं शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे नीट बघायचं आणि मोठ्यानं सांगायचं, हिला काय हवंय असं मला वाटतं. स्वतःचं तोंडून निघत नसेल, तर शेजारणीनं सांगायचं. हिशेबनीस म्हणाला, हा पोरखेळ आहे. त्याच्या शेजारी बॉयलरवाला बसतो. तो म्हणाला, "याला चष्म्याचा नंबर वाढवून हवाय, कागद नाकाला लावून वाचतो." हिशेबनीस लालेलाल झाला आणि दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला.

आता तयारी कर. माझ्यासाठी घर आवरू नकोस, तुला दिसत नाही.

ठिणगी


१४ ऑक्टोबर

ठिणगे,

हे माझं अक्षर. बघ, ओळी कशा शिस्तीत आहेत. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा तुझं तोंड बघितलं. तुझे केस पिकायला लागलेत, आणि तू मला सांगितलं नव्हतंस. दुसऱ्यांदा माझं घर बघितलं आणि लाज वाटली. वर्षभर मी या धुळीत राहत होतो होय?

तुला एक सांगायचं राहिलं. सात तारखेला संध्याकाळी हॉस्पिटलात तुझा फोन वाजला, तेव्हा माझ्या डोळ्यांवर पट्टी होती. तू माझा हात धरून होतीस. फोनवर तू नुसतं हं, हं करत होतीस, आणि मग माझा हात घट्ट आवळलास. मला वाटलं, गेली लाँड्री. माझ्या डोळ्यांपायी गेली. शब्द जुळवत होतो, आणि मग कळलं की तू हसतेयस आणि रडतेयस. ठेवली, ठेवली, असं तू इतक्या मोठ्यानं ओरडलीस की नर्स धावत आली. मी आयुष्यात बरीच मतदानं पाहिली, ठिणगे. निकाल कळून मला आनंद झालेलं हे पहिलंच.

एवढं कर, तिथलं पुढं काय झालं ते सविस्तर लिही. वाचायला आता मीच आहे.

मामा


२३ ऑक्टोबर

मामा,

वाच, आता बारीक अक्षरात लिहिते!

दोन हातांनी वाचलो. हिशेबनिसानं विकायच्या बाजूनं हात वर केला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन म्हाताऱ्याबरोबरचे कागद तयार करायला बसला. मी म्हटलं, "तू तर विरोधात होतास." म्हणाला, "होतो. अजूनही आहे. पण कागद चुकले तर चालेल का?" मला तो आवडायला लागलाय, कुणाला सांगू नकोस.

सगळं गोडगोड आहे असं समजू नकोस. ते गेलेलं हॉटेल परत आलेलं नाही. कंपनीनं पलीकडच्या गल्लीत गाळा घेतलाय. भाव पाडणार, हे उघड आहे. पगारावरून परवा पुन्हा भांडण झालं, आणि सकाळच्या त्या पोरखेळाचा काही जणांना कंटाळा आलाय, शेजारणीकडे न बघताच म्हणतात, ठीक आहे ठीक आहे. वर्षभरानं आम्ही असू की नसू, शप्पथ सांगता येत नाही. आम्हाला नक्की काय म्हणायचं तेही तूच ठरव. बॉयलरवाला म्हणतो, लाँड्रीच म्हणा.

मोठीबाई गेल्या आठवड्यात परत आली. एका हातानं इस्त्री होत नाही, म्हणून नव्या मुलींना शिकवण्याचं काम तिला दिलं. काल सकाळी आम्ही सगळे टेबलांपाशी उभे होतो. तिच्या शेजारी मी. मी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मनगटाची सूज उतरली होती, चेहरा बरा होता. सांगण्यासारखं काही दिसेना, म्हणून मी म्हटलं, "मोठीबाईला आज काही नको."

"नको कसं?" ती म्हणाली. "मला उद्या सुट्टी हवीय."

मी विचारलं, "काय झालं? हात दुखतोय?"

"हात झकास आहे."

"मग घरी कुणी आजारी?"

"कुणी नाही."

"अगं मग कशासाठी?"

ती जराशी लाजली. पदराला हात पुसले आणि म्हणाली, "काही नाही गं. कंटाळा आलाय. दारात खुर्ची टाकून नुसती बसणार आहे."

मामा, अख्ख्या लाँड्रीनं टाळ्या वाजवल्या.

ठिणगी